पाळण्याची जागा

पॅकर कोणाच्याही घरात शिरला की आधी बूट काढतो आणि मग भिंती पाहतो. भिंतीवर काय टांगले आहे त्यावरून घर किती जड आहे ते कळते, असे त्याचे म्हणणे. फोटो खूप असले तर माळाही गच्च भरलेला असणार. भिंती मोकळ्या असल्या तर माणसे मनाने केव्हाच निघून गेलेली असतात आणि काम दुपारच्या आत उरकते. परदेशात येऊन त्याला बरीच वर्षे झाली. एवढ्या काळात त्याने इतक्यांचे संसार खोक्यांत घातले की रस्त्याने चालतानाही त्याची नजर खिडक्यांवर असते. हे घर एका ट्रकचे, हे दीड ट्रकचे. बायको म्हणते, "लोक काचेत आपलं तोंड बघतात, आमचे हे काचेतून लोकांची कपाटं बघतात."

धंदा त्याला मुकादमाने शिकवला. मुकादमही त्याच्याच देशातला, त्याच्याही खूप आधी आलेला. तोंडाचा फटकळ, हाताचा चोख. प्लेट आडवी ठेवायची नाही, उभी ठेवायची. पुस्तके लहान खोक्यात. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या पाठीला चिकटवायचे, नाहीतर पलंग एका देशात आणि स्क्रू दुसऱ्या. आठ दिवस जिला हात लागला नाही ती वस्तू बिनधास्त भरायची. जे शेवटी लागणार ते आधी आत. क्रेटमध्ये, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मोठ्या लाकडी पेटीत, रिकामी जागा सोडायची नाही, कारण सामान धक्क्याने मोडत नाही, रिकाम्या जागेने मोडते. आणि गिऱ्हाईक घर का सोडते आहे, हे कधी विचारायचे नाही.

हे नियम लोकांच्या घरांना लावले तोवर सगळे ठीक चालले होते.

त्याची बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, सुटलेल्या पोटासाठी कंबर सैल करणे. दिवस गेल्यावर तिने आपलेच झगे दोनदा उसवून सैल केले. तिसऱ्यांदा उसवायची वेळ आली तेव्हा मायदेशी, घरी परतायचे पक्के ठरले. जायचे असे दोघे लग्नापासूनच म्हणत होते, पण ते 'एकदा बारीक व्हायचंय' म्हणण्यासारखे होते. आता पॅकरने धोशाच लावला. मूल घरीच जन्मले पाहिजे.

त्याच्या या हट्टाला कारण होते आणि ते कामावरच्या गोदामाच्या कोपऱ्यात पडून होते. तिथे भिंतीला लागून एक जुनी क्रेट आहे. कामगार तिच्यावर बसून चहा पितात, डबे खातात, एक जण तर दुपारी चक्क आडवा होतो. वर कोणीतरी गोणपाट अंथरले आहे. ही क्रेट मुकादमाची. त्याची मुलगी जन्मण्याच्या आदल्या वर्षी त्याने ती भरली, खिळे ठोकले, वर गावचा पत्ता रंगवला. मग मुलगी झाली. ती जरा मोठी होऊ दे म्हणून तो थांबला. मग शाळा लागली. मग मुलगा झाला. आता मुलगी कॉलेजात जाते आणि मुकादम अजून म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू." पत्त्याची अक्षरे बसणाऱ्यांच्या पँटींनी पुसून गेली आहेत.

पॅकरने त्या क्रेटवर बसून कितीतरी कप चहा प्यायला होता. बायकोला दिवस गेल्याचे कळल्यापासून तो उभ्यानेच प्यायला लागला.

तिकिटे काढली. गोदामातल्या लोकांनी निरोप म्हणून चांगल्या लाकडाची एक क्रेट त्याला दिली आणि पॅकर कामाला लागला. जायला अजून बराच अवकाश होता. पण रिकामा हात त्याला जमत नाही. कामावरून आला की तो घरभर हिंडायचा, वस्तूंकडे संशयाने पाहायचा, आणि आठ दिवस जिला हात लागला नाही ती वस्तू दुसऱ्या दिवशी जागेवर नसायची.

"गाळणी कुठे गेली?" बायकोने एका सकाळी विचारले.

"स्वयंपाकघर दोन."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघर दोन नंबरच्या खोक्यात."

"आणि ते खोकं कुठे?"

"गोदामात."

"अहो, गाळणी रोज लागते."

"तू तर हल्ली चहा पीत नाहीस. मळमळतं म्हणतेस ना."

"मी पीत नाही. तुम्ही पिता!"

त्या दिवसापासून चहा तिच्या सुती रुमालातून गाळला जाऊ लागला. मग छत्री गेली. बेल दाबली की वाजणारा डबा गेला, आणि पोस्टमन दार बडवू लागला. खुर्च्या गेल्या, कारण ती पलंगावर बसते आणि तो बसतच नाही. एकदा तिने शिलाईची कात्री शोधली आणि ती मिळेना, तेव्हा मात्र तिने त्याला त्याच पावली गोदामात पाठवले. "माझ्या कात्रीला पुन्हा हात लावाल तर तुम्हालाच खोक्यात घालीन, आणि उभं घालीन, प्लेटसारखं," ती म्हणाली.

राहता राहिल्या दोन बॅगा. विमानात न्यायच्या, प्रवासाच्या आणि उतरल्यावर घालायच्या कपड्यांच्या. त्या पॅकरने केव्हाच भरून दाराशी, अरुंद बोळात उभ्या केल्या. येताजाता अंग चोरून, आडवे होऊन जावे लागे. बायकोला तर पोटामुळे आडवे होऊनही भागत नसे. "हलवा त्या," ती म्हणे. "निघायचंच आहे की आता," तो म्हणे. महिना झाला, बॅगा दाराशीच.

सगळ्यात आधी क्रेटमध्ये गेला होता तो पाळणा.

पाळणा पॅकरने स्वतः केला होता. गोदामात जुन्या क्रेट फोडल्या की चांगल्या फळ्या निघतात. त्यातल्या निवडून, खिळे उपटून, तासून, जेवणाच्या सुट्टीत त्याने तो जमवला. एकही खिळा नाही. सगळे सांधे खुंट्यांचे, म्हणजे दोन मिनिटांत सुटा व्हावा आणि दोन मिनिटांत उभा राहावा. मुकादमाने हात फिरवून कूस कुठे लागते का पाहिले आणि "चालेल" म्हटले. त्याच्या तोंडी हा शब्द म्हणजे शालजोडी. पॅकरने त्याच संध्याकाळी पाळणा सुटा केला, घोंगडीत गुंडाळला आणि क्रेटच्या पार मागच्या भिंतीला लावला. बाळाला सगळ्यात शेवटी लागणार, म्हणून सगळ्यात आधी आत. नियम म्हणजे नियम.

"कसा झालाय?" बायकोने घरी विचारले.

"पॅक झालाय."

"तसं नाही हो. दिसतो कसा?"

पॅकर विचारात पडला. पाळणा दिसतो कसा हे तिला दाखवायला हवे होते, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. "चांगला आहे," तो म्हणाला. "मुकादम चालेल म्हणाला."

"मग मुकादमालाच झोपवा त्यात."

निघायला थोडे दिवस उरले असताना ती शेवटच्या तपासणीला गेली. विमानात बसायला डॉक्टरांचा होकार लागतो, तेवढ्यापुरतेच जायचे होते. पॅकर सोबत होता. डॉक्टरीण बाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा बांधला. मग पायांवर अंगठा दाबून पाहिला. दाबल्याचा खळगा बराच वेळ भरून आला नाही.

"विमान नाही," बाई म्हणाल्या. "रक्तदाब वाढलाय. आता इथून कुठेही जायचं नाही. बाळंतपण इथेच."

"पुढच्या आठवड्यात चालेल?" पॅकरने विचारले.

"नाही."

"नुसता प्रवासच आहे, उतरलो की लगेच तिकडच्या दवाखान्यात..."

"नाही."

"बोटीने?"

डॉक्टरीण बाईंनी बायकोकडे पाहिले. बायको म्हणाली, "ते पॅकिंगमध्ये आहेत."

घरी आल्यावर त्याला बसायचे होते, पण खुर्ची नव्हती. तो स्वयंपाकघरातून बोळात आणि बोळातून स्वयंपाकघरात जाऊ लागला. प्रत्येक खेपेला बॅगांपाशी आडवा होई. महिनाअखेर घर सोडायचे. पुढची माणसे यायची. आता जायचे कुठे, निजायचे कशावर, बाळाला ठेवायचे कुठे? खोक्यात?

"घराचं राहू द्या," बायको पलंगावरून म्हणाली. पाय उशीवर घेतले होते. "घर आपल्याकडेच आहे."

"म्हणजे?"

"मालकीणबाईंना मी सांगितलंच नव्हतं सोडतो म्हणून. म्हटलं होतं, बाळाच्या वेळचं काही सांगता येत नाही, मी सांगेपर्यंत कोणाला देऊ नका."

पॅकर बोळात थांबला, दोन बॅगांच्या मध्ये. "कधी सांगितलंस हे?"

"तुम्ही गाळणी नेलीत तेव्हा."

"म्हणजे तुला जायचंच नव्हतं."

"काहीतरी बोलू नका."

"मी सगळं घर भरतोय आणि तू मागून घर धरून ठेवतेस! मला एका शब्दाने बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तुम्ही मालकीणबाईंनाही खोक्यात भरलं असतं." मग ती उठून बसली, आणि आवाज जरा चढला. "अहो, मी शिवणारी बाई आहे. कापड कोणी मापाला माप लावून कापतं का? दोन बोटं आत सोडावी लागतात. माणूस फुगतो, कापड आटतं. तुम्ही तारखेला तारीख लावून ठेवलीत आणि मध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीत."

"जागा ठेवली की मोडतं," पॅकर म्हणाला.

"सामान मोडतं. मी सामान नाही."

पॅकर चिडला. म्हणाला, मुकादमाच्या बायकोनेही हेच म्हटले असेल. जरा थांबू, बाळ होऊ दे. आणि मग बाळाचे पाय इथल्या फरशीला लागतात, जीभ इथल्या शाळेला लागते, आणि आईबाप त्या क्रेटवर बसून चहा पितात. "मला बाकडं व्हायचं नाही," तो म्हणाला.

खाली वाकता येत नव्हते, म्हणून तिने पायानेच चपला ओढल्या आणि बोळातून वाट काढत स्वयंपाकघरात गेली. रुमालातून चहा गाळला. दोन कप. एक त्याच्यापुढे धरला. तो त्याने उभ्यानेच घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवरून तयार. "गोदामात जाऊ. पाळणा काढायला हवा."

"मी आणतो. तू पडून राहा."

"बसून राहीन. तिथे बाकडं आहे ना?" आणि दाराशी आल्यावर म्हणाली, "बॅगाही घ्या."

"कशाला?"

"तुमच्यात गिऱ्हाइकाला विचारत नाहीत ना?"

पॅकरने बॅगा उचलल्या. बोळ एकदम रुंद झाला. तो सवयीने तरीही आडवा होऊनच बाहेर पडला.

मुकादम दाराशी उभा होता. खबर त्याच्यापर्यंत पोचली होती. अशा खबरा गोदामात आपोआप पोचतात. त्याने पॅकरच्या बायकोकडे पाहून मान लववली, जुन्या क्रेटवरचे गोणपाट झटकले आणि तिला बसायला सांगितले. "बसा वहिनी. भक्कम आहे. कधीची तपासून झालीये." मग पॅकरला म्हणाला, "तुझी परत उघडायची म्हणतोस? जहाज परवा भरायचंय. त्यापेक्षा राहू दे की जागेवर. ओढून माझ्या शेजारी लावू. चहाला हल्ली एक बाकडं पुरतही नाही."

दोघेतिघे हसले. पॅकर हसला नाही. त्याने पहार घेतली आणि पुढची फळी उचकटली.

आपले सामान आपणच भरलेले असले तरी ते काढताना परक्यासारखे दिसते. पलंगाच्या बाजूचे टेबल. खुर्च्या, पाय एकमेकांत अडकवलेल्या. स्वयंपाकघर एक, स्वयंपाकघर दोन. "थांबा," बायको म्हणाली, "गाळणी!" तिने तिथेच खोके फोडून गाळणी काढली आणि पर्समध्ये टाकली. पॅकर आत आत जात राहिला. गाद्या, हिवाळी कोट, घड्याळ, शिवणयंत्राचा पाय. एकेक बाहेर. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, घोंगडी. त्याने ती बाहेर आणून फरशीवर उलगडली, आणि खुंट्या ठोकत पाळणा उभा केला. दोन मिनिटे लागली असतील.

बायको उठली आणि जवळ आली. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर बोट फिरवले. पाळणा हलवून पाहिला. तो आवाज न करता हलला. आतल्या बाजूला एका फळीवर जुन्या क्रेटचे अर्धवट काळे अक्षर राहिले होते, तासूनही न गेलेले. तिथे ती थांबली.

"हे काय?"

"कोणाच्या तरी पत्त्याचं आहे. काढता आलं नाही."

"राहू दे," ती म्हणाली. आणि मग, "पॅक असताना मला वाटलं होतं चौकोनी असेल."

मुकादम मागे हात बांधून उभा होता. "मग? आता बाकीचं कुठे ठेवू? घरी न्यायचं तर ट्रक काढतो. ठेवायचं तर कोपरा दाखवतो."

पॅकरने बायकोकडे पाहिले. रात्रभर त्याने हाच हिशेब केला होता आणि तो कुठूनही सुटत नव्हता. सामान घरी नेले तर भिंतीवर घड्याळ लागणार, खुर्च्या मांडल्या जाणार, बाळ त्यांना धरून उभे राहणार. कोपऱ्यात ठेवले तर वर कोणीतरी गोणपाट अंथरणार. जहाजाने पाठवले तर इथे बाळाजवळ दोन प्लेटा, एक गादी आणि पाळणा.

"जाऊ दे जहाजाने," बायको म्हणाली.

"आणि आपण?"

"आपण मागून. डॉक्टरीण बाई सोडतील तेव्हा, तिघं." तिने गोदामाच्या फरशीवर पसरलेला संसार एकवार पाहिला. "गाद्या तेवढ्या काढून ठेवा. आणि कोट, थंडीत इथेच असलो तर लागतील. बाकी घाला परत."

मुकादम क्रेटमध्ये डोकावला. "घालतो. पण पाळण्याची जागा मागे रिकामी राहिली. कोटांची, गाद्यांचीही. जहाजात सगळं मागे घसरेल, वहिनी. काचेचं काही उरायचं नाही. हा जाणतो."

पॅकर जाणत होता. तो कागदाच्या ढिगाकडे वळला, चुरगळून ठासायला. बायकोने पायाने बॅग पुढे ढकलली.

"या घाला."

पॅकरचा हात कागदावरच राहिला. "यात उतरल्यावर घालायचे कपडे आहेत."

"इथे लागेल ते मी सकाळी काढून घेतलंय. दवाखान्याची पिशवी वेगळी आहे."

"पण मग आत पार मागे जातील. सगळ्यात शेवटी निघतील."

"मग? आपणच शेवटी पोचणार ना?" ती म्हणाली. "जे शेवटी लागणार ते आधी आत. तुमचाच नियम."

मुकादमाने एक बॅग उचलून वजन पाहिले, दुसरी पॅकरने. दोन्ही पाळण्याच्या जागी उभ्या राहिल्या. जरा ढिल्या बसल्या, म्हणून पॅकरने बाजूंनी कागद ठासला, हाताने दाबला, अंगठा घालून पाहिला. अंगठा आत गेला नाही. मग खुर्च्या, स्वयंपाकघर एक, स्वयंपाकघर दोन, गाळणी वजा. पुढची फळी लागली. खिळे मुकादमाने स्वतः ठोकले, एकेका फटक्यात. हातोडा खाली ठेवून तो आपल्या जुन्या क्रेटकडे गेला, गोणपाट पुन्हा नीट अंथरले आणि बसला.

"तुमची पण याच जहाजात चढवूया का?" पॅकरने विचारले. गिऱ्हाइकाला विचारू नये असे काही त्याने पहिल्यांदाच विचारले होते.

"पुढच्या वर्षी बघू," मुकादम म्हणाला आणि चहा मागवला.

दुपारी पॅकरच्या आईचा फोन आला. पॅकर रिकाम्या खोलीत उभा राहून बोलला. रक्तदाबाचे सांगितले, विमानाचे सांगितले, सामान निघाल्याचे सांगितले.

"सामान आधी आणि माणसं मागून?" आई म्हणाली. "हे कुठलं रे शास्त्र?"

"आमच्यात असंच करतात."

"आणि मी माळ्यावरून एवढे डबे उतरवून ठेवलेत ते? दूधवाल्याला सांगितलंय, खोली रंगवून घेतलीये..."

"खोली सामानाला लागेल आई. दूध थांबव."

"तू खरं येणार आहेस ना?"

पॅकरने बोळाकडे पाहिले. तिथे आता काही नव्हते. "माझे सगळे चांगले शर्ट तिकडे निघालेत," तो म्हणाला. "माझ्याकडे अंगावरचा आणि कामाचे दोन. न येऊन करणार काय?"

आईला ते पटलेले दिसले. तिने सुनेच्या पायांची चौकशी केली, मीठ कमी खायला सांगितले आणि फोन ठेवला.

पाळणा खिडकीपाशी लावला होता. पॅकरने एक खुंटी काढून परत ठोकली. मग दुसरी. मग स्वयंपाकघरात जाऊन आला. बोळातून जाताना त्याने अंग चोरले, आणि कशासाठी चोरले ते आठवून सरळ झाला. पुढच्या फेरीला पुन्हा चोरले.

बायकोने गाळणीतून चहा गाळला आणि कप पुढे केला. "बसा आता जरा."

पॅकरने खोलीभर पाहिले.

"खुर्च्या गेल्या," तो म्हणाला.

"मग खाली बसा."

तो खाली बसला, पाळण्याच्या पायाशी, आणि कप हातात धरून पाळण्याची तिसरी खुंटी अंगठ्याने दाबून पाहू लागला.